पाचव्या शीलापाशी

"बाबा, वाईन तोंडात घेतली आणि न गिळता थुंकून टाकली, तर शील मोडतं का?"

विचारलं एकदाचं! एका दमात, कुठंही न अडखळता, आणि तेही घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल स्टँडवर निकितानं मला डिवचलं होतं. "वर्गात बाईंना उलटे प्रश्न विचारतेस, पण घरी तुझी मांजर होते. उद्या विचारून दाखव." अफिफा मात्र खरंच विचारात पडली होती. "रोज्यात गुळणी केलेली चालते," ती म्हणाली, "पाणी घशाखाली उतरलं तर रोजा तुटतो. तुमच्यात कसं आहे?" आमच्यात कसं आहे! माझे वडील दर रविवारी विहारात मुलांचा धम्मवर्ग घेतात आणि मला एवढं सांगता येईना.

बाबा स्टुलावर उभे होते. सहादू आजोबांच्या फोटोला हार घालायचा होता आणि टाचण्या त्यांनी ओठांत धरल्या होत्या. त्यामुळं उत्तर यायला वेळ लागला. एकेक टाचणी काढून त्यांनी तळहातावर ठेवली.

"कुणाबद्दल विचारतेयस?"

"जनरल," मी म्हणाले.

"जनरल म्हणे!" राखी काकू खिरीचं पातेलं घेऊन दारातच थांबली. "सरळ माझ्या पोरीचं नाव घे ना."

आता हे असं आहे. नाना म्हणजे माझे मोठे काका, आणि त्यांची स्नेहाताई मायक्रोबायोलॉजी करून विंचूरकडच्या एका वाईनरीत लागलीय. पण आमच्या घरात त्या जागेला कुणी वाईनरी म्हणत नाही. नाना 'द्राक्षाची कंपनी' म्हणतात, काकू 'लॅब' म्हणते, चांगुणा आजी तर शेजारणींना बेदाण्याची फॅक्टरी म्हणून सांगते. बाबा काहीच म्हणत नाहीत. 'स्नेहा कशी आहे' एवढंच विचारतात, 'काम कसं चाललंय' कधीच नाही. सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि सगळे त्या शब्दाला वळसा घालून जातात, रस्त्यात खड्डा असावा तसं. मी त्या खड्ड्यात सायकलसकट उडी मारली होती.

त्यात आज आजोबांचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी आमच्या जेल रोडच्या घरी पांढरे कपडे, मेणबत्त्या, खीर आणि वंदना. वंदना स्नेहाताई सांगते, म्हणजे पुढं बसून एकेक ओळ म्हणते आणि बाकीचे तिच्या मागून. ती चौथीत असताना आजोबांनी तिला शिकवून त्या जागेवर बसवलं होतं, तेव्हापासून तिथं दुसरं कुणी बसलेलं नाही. पुढच्या रविवारी तर विहारातही आजोबांच्या नावानं कार्यक्रम होता, सगळ्या कॉलनीसमोर. तिथंही तीच सांगणार होती.

"बरं झालं पोरीनं विचारलं," नाना म्हणाले. नाना कांद्याचा टेम्पो चालवतात, त्यामुळं त्यांचा आवाज घरातसुद्धा हायवेवरच असतो. "धम्मपाल, ऐक. माझी पोरगी पीत नाही. चव बघते आणि थुंकते. बादली ठेवलेली असते तिथं. एक थेंब पोटात जात नाही. काय गं स्नेहा?"

स्नेहाताई मेणबत्त्या लावत होती. एक मेणबत्ती सरळच होती, ती तिनं पुन्हा सरळ केली.

"थेंबाचा प्रश्नच नाही, नाना," बाबा स्टुलावरून उतरले. "प्रश्न आजीविकेचा आहे. पाच धंदे उपासकानं करायचे नाहीत. शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा, विषाचा. आपण प्यायची नाही आणि लोकांना पाजायची, हे कुठलं शील?"

"अगदी बरोबर," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गेल्या वर्षी स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केल्यापासून मला काय झालंय कोण जाणे, तोंडाशी आलेलं वाक्य मागं फिरतच नाही.

"मांसाचा पण? मग मंगळू मामाचं चिकनचं दुकान?"

आई बाहेर आली. हातात झारा तसाच. "माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही हं, तेजल."

"अगं पण यादीतच आहे! आणि बाबांना तर लेगपीस तिथलंच लागतं."

काकूला हसू आलं. खूप दाबलं तिनं, पण आलंच. नाना तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "घे! आता बोल, गुरुजी!"

बाबांचे कान लाल झाले. आणि आईचं काय झालं बघा. दोन मिनिटांपूर्वी ती बाबांच्या बाजूला होती. आता झारा हलवत म्हणाली, "तसं बघायला गेलं तर द्राक्षं शेतकऱ्याचीच असतात. पोरगी शिकून पोटाला लागली, त्यात एवढं काय?" म्हणजे मामाला वाचवायचं तर वाईनला पण वाचवायलाच लागणार होतं. मला वाटलं आता आपण जिंकलो. कोण जिंकलं ते मात्र कळेना.

मोरीपाशी आजी मिसरी लावत बसली होती. तंबाखूची ती काळी पूड बोटावर घेऊन दातांवरून फिरवता फिरवता ती म्हणाली, "बाईच्या जातीनं दारूच्या कारखान्यात जाऊ नाय. लय वंगाळ दिसतं."

"सासूबाई," काकूनं संधी साधली, "तुमची मिसरी पण तोंडात घालून थुंकायचीच वस्तू आहे."

"मिसरी दाताची हाय!"

"दात चारच राहिलेत की."

"मंग त्या चारांची हाय," आजी म्हणाली आणि जोरात चूळ भरली.

सगळे हसले. बाबा सोडून. ते तळहातावरच्या टाचण्या तशाच घेऊन बाहेर गॅलरीत गेले.

मी आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं आता रट्टा मिळणार. पण ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली. पुढचं मी तिच्याकडूनच ऐकलेलं आहे.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात लागले तेव्हा शिफ्टमधले लोक त्यांना 'भन्तेजी' म्हणायचे, भिक्खूंना म्हणतात तसं. प्रेमानं नाही, चिडवायला. कुणाचा निरोपसमारंभ असो, कुणाला बढती मिळालेली असो, टेबलावर बाटल्या यायच्या आणि बाबा कोपऱ्यात थंड पेयाचा ग्लास धरून बसायचे. 'घे रे एक, तुझा बुद्ध काय बघायला येतोय?' असं ऐकायचे. हसायचे. घ्यायचे नाहीत. त्यांच्याबरोबर लागलेले कितीतरी जण पुढं हाताला कंप सुटून घरी बसले. बाबांनी ना मोठं घर बांधलं, ना गाडी घेतली. "पण पाचवं शील मी पाळलंय, हे ते मनातल्या मनात रोज मोजतात गं," आई म्हणाली. "तेच त्यांचं सगळं आहे. आणि आता त्यांच्याच घरातली, त्यांच्याच बापानं शिकवलेली पोरगी वाईन बनवते. उद्या तेच शिफ्टवाले विचारतील, भन्तेजी, तुमच्या पुतणीकडून स्वस्तात मिळेल का?"

"मग तू मघाशी त्यांच्या बाजूनं का नाही बोललीस?"

"तू माझ्या भावाचं दुकान काढलंस म्हणून!"

मग तिनं आणखी एक सांगितलं. एकदा अशाच पार्टीत कुणीतरी मुद्दाम बाबांच्या ग्लासात दारू मिसळली होती. घोट तोंडात गेल्याबरोबर त्यांनी थुंकून टाकला, शर्टावरच. आणि घरी येऊन आजोबांना विचारलं, माझं शील मोडलं का?

म्हणजे माझाच प्रश्न! बाबांनी तो माझ्या जन्माआधीच विचारून ठेवला होता!

"मग आजोबा काय म्हणाले?"

"म्हणाले, मोडलं असलं तर उद्या सकाळी परत घे."

हे ऐकून माझं डोकं आणखीनच फिरलं. परत घेता येतं? मग एवढं भांडण कशाला?

बाबा गॅलरीतून आत आले ते थेट नानांसमोर. "नाना, नोकरीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण आज आपल्या बाबांचा दिवस आहे. तिच्या पोटात थेंब जात नसेल, तर तिचं तिनं पाळलंय. बसू दे तिला पुढं."

"थेंब जात नाही," नाना म्हणाले. "माझा शब्द."

काकूनं डोळे पुसले. आईनं खिरीवर झाकण ठेवलं. आजीनं पदर डोक्यावर घेतला आणि आम्ही सगळे चादरीवर बसलो. मी खूष होते. निकिताला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात तयार होत होती.

स्नेहाताई पुढं बसली, हात जोडून. तिचा आवाज असा आहे की पाली समजत नसली तरी समजल्यासारखी वाटते. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. आम्ही मागून म्हणत होतो. मग चौथं.

"मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि."

खोटं बोलणार नाही, असं त्यात आपण कबूल करतो. आम्ही म्हटलं. आणि मग पुढची ओळ आलीच नाही.

पहिल्यांदा वाटलं तिला ठसका लागला. मेणबत्तीकडं बघत ती नुसती बसली होती, हात जोडलेलेच. बाबांनी मान वर केली. आजीला मात्र कुणाच्या मागून म्हणायची सवय नाही, तिची गाडी आपल्या रुळावरून चाललेली असते. तिनं एकटीनंच, पोकळ तोंडानं, "सुरामेरयमज्जपमादट्ठाना" असं दारूचं पाचवं शील शेवटपर्यंत म्हणून टाकलं. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, "काय झालं गं? वीज गेली का?"

"विसरली," नाना घाईनं म्हणाले. "लवकर उठून आलीय, दमलीय. पाणी द्या तिला."

"विसरले नाही, पप्पा."

"मग म्हण की."

"आत्ताच म्हणाले ना, खोटं बोलणार नाही." ती बाबांकडं वळली. "काका, त्याच्या लगेच पुढचं कसं म्हणू?"

"पण तू थुंकतेस ना?" हे माझ्या तोंडून आलं. जवळजवळ ओरडलेच मी.

"थुंकते. नेहमी थुंकते." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "परवा एका टाकीची चव घेतली आणि नाही थुंकली."

"चुकून गेली असेल," काकू म्हणाली. "चुकून जातं गं. औषध नाही का जात."

"चुकून नाही, मम्मी. आवडली म्हणून."

नानांचा चेहरा मला बघवेना. माझा शब्द, असं म्हणून अर्धा तासही झाला नव्हता. ते उठले, चप्पल घातली आणि टेम्पोचं टायर बघून येतो म्हणाले. टेम्पो तर त्यांनी आणलाच नव्हता. बसनं आले होते.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "खरं बोललीस, ते चांगलं केलंस." आणि मग, तिच्याकडं न बघता, "पुढच्या रविवारी विहारात वंदना तेजल सांगेल. तिला सगळी पाठ आहे."

मला! कॉलनीसमोर, माईकवर! खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. मग मी ताईकडं बघितलं.

"चालेल, काका," ती म्हणाली.

खीर झाली. कुणी वाटी पुन्हा भरून घेतली नाही. ताई भांडी घासायला लागली तर काकूनं तिच्या हातातून तारेची घासणी काढून घेतली. मग काय वाटलं कोण जाणे, तिचा खांदा दाबला आणि परत दिली. आई बाबांशी बोलत नव्हती आणि आजी सगळ्यांशीच बोलत होती. "माझ्या नातीनं एक घोट घेतला तर तुमचं काय आभाळ फाटलं?" सकाळी हीच आजी काय म्हणत होती! मी कुणाच्या बाजूनं उभं राहावं असं ठरवायला गेले की ती बाजूच उठून दुसरीकडं जाऊन बसायची.

दुपारी ताई गच्चीवर वाळत घातलेले पांढरे कपडे काढत होती. मी मदतीला गेले.

"माझ्यामुळं झालं ना?" मी विचारलं.

"नाही गं. तू विचारलं नसतंस तरी ती ओळ यायचीच होती." तिनं आजीचं लुगडं झटकलं. "तुला एक सांगू? टाकीला कान लावला की आतून बारीक आवाज येतो. तांदूळ शिजताना येतो ना, तसा. यीस्ट काम करत असतं. कुठली टाकी बिघडायला लागलीय ते मला वासावरून आधी कळतं. सर म्हणाले, हिचं नाक चांगलंय. माझं नाक! लहानपणापासून सगळे नकटी म्हणत आलेत."

"मग ते चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. आणि शनिवारी मुंबईची पोरं येतात, पितात, लॉनवर आडवी होतात. त्यातला एक जण मागच्या आठवड्यात सिक्युरिटीवाल्या काकांच्या अंगावर ओकला. त्यांनी ते गपचूप पुसलं. ती वाईन माझ्याच टाकीतली होती, तेजू. तुझ्या बाबांचं चूक कसं म्हणू मी?"

"मग नोकरी सोडणार?"

"रोज सकाळी वाटतं सोडावी. आणि बस विंचूर चौफुलीला पोचली की वाटत नाही."

"असं कसं? काहीतरी एक ठरव ना!"

ती हसली. पण तिचे डोळे तसेच होते, मघाशी मेणबत्तीकडं बघताना होते तसे. "ठरेल तेव्हा ठरेल. तू रविवारी छान म्हण. आणि चौथं झाल्यावर नीट श्वास घे, तिथं सगळे घाई करतात. आजोबा मला नेहमी टोकायचे."

म्हणजे तिनं तिची जागा मला देऊनसुद्धा टाकली होती, वर सूचनांसकट! मला एकदम रडूच आलं. का ते सांगता येणार नाही. तिनं वाईन गिळली होती, मी तर कधी वाससुद्धा घेतलेला नाही. हिशेबानं बघितलं तर जागा माझीच होती.

संध्याकाळी नानांची मंडळी बसच्या वाटेला लागली. नाना परत आले होते, पण बाबांशी 'येतो' एवढंच बोलले. मी हॉलमध्ये आले तर बाबा फरशीवर सांडलेलं मेण खेळातल्या जुन्या पत्त्यानं खरवडत होते आणि आई चादरीच्या घड्या घालत होती. दोघं एकमेकांशी 'ते टोक धर' इतपत बोलायला लागले होते.

"बाबा, आजोबा तुम्हाला म्हणाले होते ना, मोडलं तर उद्या परत घे?"

त्यांनी आईकडं बघितलं. आई चादरीकडं बघत राहिली.

"म्हणाले होते."

"मग ताईनं पण उद्या परत घ्यावं."

"मी परत घेतलं ते पुन्हा तोंडाला लावायचं नाही म्हणून," बाबा म्हणाले. चिडून नाही, दमून. "ती उद्या सकाळी पुन्हा तिथंच जाणार आहे. मग घेतलं काय आणि न घेतलं काय? तूच सांग. मी चुकत असेन तर सांग."

बाबा बरोबर होते. आणि ताई त्या जागेवर नाही, हे बरोबर नव्हतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात ते आम्हाला कुठल्याच विषयाला नाही.

"बाबा, पुढच्या रविवारी मी वंदना सांगणार नाही."

मेण खरवडायचं थांबलं. "घाबरतेस?"

"छे! मला तर फार आवडलं असतं."

"मग तिचं बरोबर वाटतंय तुला?"

"माहीत नाही."

"माझं चूक वाटतंय?"

"तेही माहीत नाही. तुमचं ऐकलं की तुमचं पटतं, ताईचं ऐकलं की ताईचं पटतं, आणि मामाचं चिकन आठवलं की कुणाचंच पटत नाही."

आईनं चादर तोंडाशी धरली. बाबांच्याही मिशीत काहीतरी हललं, पण ते आवाज तसाच ठेवून म्हणाले, "अगं, मग ठरवलंयस तरी काय? शीलं सोडलीस की काय तूही?"

"नाही. मी रविवारी येणार, आजीशेजारी बसणार आणि पाचही म्हणणार. पाचवं तर सगळ्यात मोठ्यानं, कारण ते मी पाळते. पण माझ्या जागेवरून, बाबा. ताईच्या जागेवरून नाही."